बखरीपलीकडचा संभाजी

ज्या पुरुषाविषयी लोकांचा निवाडा आधीच होऊन बसला आहे, त्याचे चरित्र लिहावयास घेणे हे चरित्रकाराचे सर्वांत कठीण कर्म होय. आणि वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी ते हाती घेतले तेव्हा छत्रपती संभाजी महाराजांची व्यसनी व उतावळा राजा ही प्रतिमा बखरींतून नाटकांत उतरून मराठी मनात दृढ झाली होती. १९६० साली त्यांचा चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्या प्रतिमेचा पायाच ढासळला.

बेंद्र्यांचे सामर्थ्य वक्तृत्वात नव्हते, साधनांची पारख करण्यात होते. ज्या मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीवर या दुष्कीर्तीची मोठी भिस्त होती, ती महाराजांच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी लिहिली गेली. आणि ज्या बाळाजी आवजींना महाराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन दिले, त्यांच्याच घराण्यात हा बखरकार जन्मला. त्याला मी लबाड म्हणणार नाही, कारण घराण्याची जखम पिढ्यान्‌पिढ्या ओली राहते. परंतु फिर्यादीच्या वंशजाची जबानी हाच एकमेव पुरावा मानून निकाल देणे कोणत्या कचेरीत मान्य होईल? म्हणूनच बेंद्रे इंग्लंडपर्यंत जाऊन समकालीन कागदपत्रे धुंडाळीत राहिले, आणि त्यांतून सुमारे नऊ वर्षे औरंगजेब, सिद्दी व पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी झुंजणारा, ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा राजा उभा राहिला.

आम्हा बार्शीकरांना हा इतिहास दूरचा नाही. १६८९ मध्ये महाराज कैद झाल्याची वार्ता बादशहाला पोचली ती आपल्याच जिल्ह्यातील अकलूजच्या छावणीत.

आता मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला आहे. १६७८ मध्ये युवराज संभाजी मोगल सरदार दिलेरखानास जाऊन मिळाले, हे उच्चारणेही कित्येकांना अपराध वाटतो. माझे मत स्पष्ट आहे: निंदेच्या जागी केवळ स्तुती बसविणारा चरित्रकार साधनांच्या पारखीचा तो मार्गच सोडतो, आणि स्खलनासह उभा राहिलेला संभाजी मला अधिक थोर वाटतो.

पण अशी पारख करावयाची तर मूळ कागद शिल्लक राहिले पाहिजेत. बार्शी परगण्यातील देशमुख-कुलकर्ण्यांच्या वाड्यांत मोडी दफ्तरांचे रुमाल अद्याप माळ्यावर पडले असतील. ज्यांच्याकडे सनदा, महजर वा फर्दी असतील, त्यांनी ते कागद वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी एखाद्या मोडी जाणकारास अवश्य दाखवावेत.

— बार्शीकर