'ते' म्हणजे नक्की काय?

शाळेत आम्ही शिकवायचो: 'हे' जवळचं दाखवतं, 'ते' लांबचं. पण उजनीच्या काठावर एवढं पुरत नाही. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. तिथलं म्हातारं माणूस पाण्याकडे हात करून "ते आमचं गाव" म्हणतं, तेव्हा बोट पाण्यावर असतं, शब्द मात्र गावावर!

मग शब्दाला गाव सापडतं कसं? तत्त्वज्ञ डेव्हिड कॅप्लन यांनी आधी दाखवण्याच्या कृतीवर भर दिला. १९८९ मध्ये छापलेल्या पुरवणी लेखात मात्र बोलणाऱ्याच्या मनातला रोख महत्त्वाचा मानला. मला हे पटतं, पण तेवढ्याने भागत नाही. रोख ऐकणाऱ्यालाही कळायला हवा. बारामतीत वाढलेल्या नातवाला तिथे पाणीच दिसतं. उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, तेव्हा कुठे 'ते देऊळ' त्याला उमगतं. एरवी वेस कुठे होती, वाडा कुठे होता, हे सांगावंच लागतं.

म्हणून माझं मत असं, की नुसतं बोट दाखवू नये, नावानिशी सांगावं. सांगणारे गेले की 'ते' म्हणजे फक्त पाणी उरेल. तुम्हाला काय वाटतं?