काठावरची जागा कोण निवडतं?

बारामतीतल्या आमच्या बैठकीत नेहमीचे विषय झाले. मारहाणीच्या दोन केसेस, रेशन कार्डातून नाव कमी केल्याचं एक प्रकरण, पुढच्या शिबिराची तारीख. चहा आला तेव्हा आमच्यातल्या एक ज्येष्ठ ताई जरा संकोचून म्हणाल्या, "माझं एक घरगुती विचारायचंय. विचारू का?"

ताईंचे यजमान निवृत्त झालेत. मुलगा पुण्यात, सून नोकरीची. आता शहराच्या गडबडीत राहायचं नाही, भिगवणच्या बाजूला उजनीच्या काठाला चार गुंठे घेऊन तिथं घर बांधायचं, असं घरात ठरलं आहे. घरात ठरलं म्हणजे यजमानांनी ठरवलं. त्यांचे एक मित्र तिथे आधीच गेलेत. पाणी दिसतं, थंडीत रोहित पक्षी येतात, गाड्यांचा आवाज नाही. "ह्यांनी इसारसुद्धा देऊन टाकला," ताई म्हणाल्या. "मी जागा अजून बघितलेली नाही."

यावर एक मैत्रीण पटकन म्हणाली, "ताई, हा जमीन घेऊ शकणाऱ्यांचा प्रश्न आहे. आपल्याकडे येणाऱ्या बायांना डोक्यावर पत्रा नाही." तिचं म्हणणं खोटं नाही. तरी मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं की हा आपलाच प्रश्न आहे. पत्रा नसलेल्या बाईचा आणि चार गुंठेवाल्या ताईंचा इथे एकच प्रश्न आहे. कुठल्या गावात, कुठल्या गल्लीत, कुणाच्या शेजारी राहायचं हे त्या दोघींपैकी कुणीच ठरवलेलं नाही.

लग्नानंतर बाईनं नवऱ्याच्या गावी जायचं, हे आपण इतकं गृहीत धरलंय की पुढच्या प्रत्येक बिऱ्हाडाच्या वेळी ती मागोमाग जाणार हेही गृहीतच असतं. चळवळीनं घराच्या मालकीबद्दल पुष्कळ केलं. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क मिळाला, देशभर तो २००५ साली आला. २००३ साली 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर बायकोचंही नाव लावायची मोहीम झाली. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानं घरात राहण्याचा हक्क दिला, वेळ पडली तर न्यायालय पर्यायी घराचाही आदेश देऊ शकतं. हे सगळं घर कुणाचं याबद्दल झालं. घर कुठे, हा प्रश्न मात्र भांडण नसलेल्या घरात कुणी विचारतच नाही. नवरा-बायको गुण्यागोविंदानं सामान ट्रकमध्ये भरतात आणि निघतात.

उजनीच्या काठावर तर हा प्रश्न जास्तच बोचतो, कारण हा काठच मुळी लोकांना हलवून तयार झालेला आहे. भीमेवरचं धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्याखाली इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतल्या नदीकाठच्या जमिनी गेल्या, गावं गेली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणेमध्ये फार खाली गेला तेव्हा ते उघडं पडलं आणि बघायला रीघ लागली. मीही गेले होते. लोक फोटो काढत होते. सोबत आलेल्या एक म्हाताऱ्या मावशी देवळाकडे न बघता गाळात हात करून सांगत होत्या, तिकडं आमची जुनी गल्ली, पलीकडं आड, त्या अंगाला सुतारांची घरं.

मी त्यांना विचारलं, नवीन गावठाणात जागा कशी मिळाली? कुणी निवडली? त्या हसल्या. "आमाला कुणी इचारलं व्हतं का? मानसं गेली, चिठ्ठ्या काढल्या, नंबर घिऊन आली. आमी भांडी उचलली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पानी कुठं हाय ते तरी बघून यायचं की नाय? नळ लांब. पाच वर्सं डोक्यावर वाहिलं."

त्या काळी पुनर्वसनात खातेदार बघितला जायचा आणि खातेदार म्हणजे बहुतेक पुरुष. १९७६ साली राज्यानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, पुढे १९८६ आणि १९९९ साली नवे कायदे झाले. विधवा, घटस्फोटित आणि टाकून दिलेली बाई हे स्वतंत्र कुटुंब मानायचं, हे केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आलं. उजनीचं पाणी अडून तेव्हा तीसहून जास्त वर्षं झाली होती. मावशींना चिठ्ठी उचलायला मिळाली असती तर नळ जवळ आला असता असं मी म्हणत नाही. चिठ्ठी ती चिठ्ठीच. पण गावठाणाचा आराखडा करताना बायांना विचारलं असतं, तर पाण्याची टाकी कुठे बसली असती, यावर त्या आजही अर्धा तास बोलू शकतात.

आता त्याच काठावर दुसरं स्थलांतर सुरू झालंय, या वेळी हौसेचं. त्याची जाहिरात एका शब्दावर चालते, शांत.

त्या शांतपणाबद्दल थोडं सांगते, कारण कामानिमित्त मी तिथे वर्षाच्या सगळ्या ऋतूंत जाते. डिसेंबरात पाणी अंगणाला लागल्यासारखं दिसतं. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी लांब जातं आणि मध्ये राहतो गाळ. शेतकरी त्यात गाळपेर करतात, मोटारी आणि पाइप पुढे पुढे सरकवत नेतात. ज्यानं डिसेंबरात प्लॉट बघितला त्याला मे महिना कुणी दाखवत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, तेव्हा समोर पाणी आहे म्हणजे घरात पाणी आहे असं नाही. काठावरच्या बाया धुण्याला उतरतात, मग अंगाला खाज सुटल्याचं सांगतात. प्यायचं पाणी अनेक ठिकाणी जारचं किंवा टँकरचं. जार उचलून आत कोण घेतं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि शांत म्हणजे माणूस नाही. आपल्या बारामती-इंदापूरकडे 'वस्ती' या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. शहरात वस्ती म्हटलं की दाटीवाटी डोळ्यांपुढे येते. इकडे 'वस्तीवर राहतो' म्हणजे रानात, गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, उसाच्या फडात एकटं घर. पुरुषाला तिथून मोटारसायकल आहे. बाईला काय आहे? २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं, पण फाट्यावर थांबणारी गाडी दिवसातून दोनदा असेल तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग किती? बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर काठावरून तिथवर नेणार कोण? मुलगा पुण्यात.

पाण्यानं रस्ते तोडले हेही नवीन येणाऱ्याला कळत नाही. इंदापूरच्या काठावर दिलेल्या कितीतरी मुलींचं माहेर पलीकडे करमाळ्याच्या बाजूला आहे. नदी होती तेव्हा ते जवळचं होतं. आता लाँचनं पलीकडे जायचं, नाहीतर भला मोठा वळसा. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले, त्यात दोन लहान लेकरं होती. पुलाची मागणी लोक त्याच्या किती आधीपासून करत होते. ज्या पाण्याकडे बघत खुर्ची टाकून बसायचं आपण ठरवतो, त्या पाण्यातून कुणीतरी लेकरू कडेवर घेऊन माहेरी जात असतं.

बैठकीत मी हे सगळं बोलले तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या असं नाही. आमच्यातल्या एकीनं, ती बारामतीच्या एमआयडीसीत कपडे शिवण्याच्या कामाला जाते, मला चांगलंच सुनावलं. ती नवऱ्याला सोडून आलेली. ती म्हणाली, "तुम्ही गर्दीचं लई कौतुक करता. माझ्या गल्लीत मी किती वाजता आले, कुणासंगं बोलले, डब्यात काय नेलं, सगळ्याचा हिशेब असतो. खोली बघायला गेले तर पहिला प्रश्न, मालक कुठायत? चार घरांनी 'नाही' म्हणून सांगितलं. मला द्या एखादी शांत जागा, मी आज जाते."

तिला तशी जागा मिळत होती, हेही तिनंच सांगितलं. इंदापूर तालुक्यात काठाजवळ भावाची वस्ती आहे. भाऊ म्हणाला, खोली पडून आहे, ये राहायला. ती गेली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "तिथं त्याच्या बायकोनं दार लावलं तर मी रात्री कुठं जाऊ? उसात?"

मला वाटतं तिच्या या दोन वाक्यांत आपला सगळा पेच आहे आणि त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. शेजार म्हणजे पाळत, आणि शेजार म्हणजे हाक मारली तर येणारं माणूस. हे दोन्ही एकाच भिंतीपलीकडे राहतात. मारहाणीच्या केसेसमध्ये आपण पाहतो, शेजारणीनं ऐकलं म्हणून बाई वाचली, आणि शेजारणीनं सासूला सांगितलं म्हणून मार बसला. जातीचं तर मी अजून बोललेच नाही. गावठाणात कुणाला कुठली आळी मिळते, भाड्याच्या खोलीसाठी आडनाव का विचारतात, हे नव्यानं सांगायला नको. ज्या बाईला आडनावामुळे गावात खोली मिळत नाही तिच्यासाठी लांबची वस्ती ही निवड नसतेच. मच्छीमारांची पालं आणि ऊसतोडीच्या कोप्या काठावर कुठे पडतात ते एकदा बघा. ती शांत जागा त्यांनीही मागितलेली नाही.

तरीही ज्यांना थोडीफार निवड आहे त्यांनी ती डोळे उघडून करावी, एवढा आग्रह मी धरते. ताईंना घेऊन आम्ही तिघी गेलो. यजमान दलालाबरोबर सकाळी दहाला गेले होते, आम्ही मुद्दाम संध्याकाळी सहाला गेलो. एसटीनं गेलो, फाट्यावर उतरलो आणि चालत गेलो. पस्तीस मिनिटं लागली. वाटेत दिवा एकही नाही. पाणी खरंच सुंदर दिसत होतं, ते नाकारत नाही. ताई दोन मिनिटं गप्पच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इथं हे चार दिवस पुण्याला गेले तर मी काय करू?"

परतताना आम्ही गावठाणात थांबलो. नळावर बाया होत्या. त्यांच्याकडून अर्ध्या तासात जे कळलं ते दलालाच्या तीन भेटींत कळलं नव्हतं. पाणी दिवसाआड येतं, तेही पहाटे. आशाताई गावातच राहतात. दारूचं दुकान अमुक रस्त्याला, त्यामुळे अंधार पडल्यावर पोरी त्या बाजूनं जात नाहीत. ग्रामसभेला बाया येतात का विचारलं तर एकमेकींकडे बघून हसल्या. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या, तरी हसल्या. आणि तो प्लॉट म्हणताच एक जण म्हणाली, "ती जमीन धरणात गेलेली हाय ना? तलाठ्याला इचारा."

ते मात्र विचारायलाच हवं होतं. धरणासाठी संपादित झालेली जमीन कोरडी पडली म्हणून जुन्या मालकाला विकता येत नाही. शिवाय चार-चार गुंठ्यांचे तुकडे करून विकण्याला १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या तरी नोटरीच्या कागदावर घेतलेल्या जागेनं सातबाऱ्यावर नाव लागत नाही. अशा कागदावर सही नवऱ्याची असते, आणि तो गेल्यावर त्या कागदाचं काय करायचं हे विचारत बायका आमच्याकडे येतात. राहतं घर नोंदणी करून बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ही सवलत दलालांना चांगली ठाऊक असते, म्हणून पैसे वाचवण्यापुरतं बायकोचं नाव लागतंही. जागा बघायला मात्र तिला कुणी नेत नाही.

ताईंनी घरी जाऊन सांगितलं. आठ दिवस अबोला होता. मग यजमान स्वतः तलाठी कार्यालयात जाऊन आले. तिथे काय कळलं ते त्यांनी ताईंना सांगितलेलं नाही, पण इसार परत मागायला दोनदा जाऊन आलेत. नळावर भेटलेल्या त्या बाईनं परवा ताईंना फोन केला. गावठाणात, शाळेच्या मागे, दोन खोल्यांचं घर रिकामं होतंय. तिथून पाणी दिसत नाही. ताई रविवारी बघायला चालल्यात, आणि या खेपेला यजमानांना म्हणाल्या आहेत, यायचं तर तुम्ही माझ्याबरोबर या.