शेवटच्या फटक्याचा न्याय

भाताची कापणी उरकली की पनवेल, उरण, पेण या टापूत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांना भर येतो. अंतिम सामन्यात अखेरच्या चेंडूवर षटकार मारणाऱ्याला पोरे खांद्यावर घेतात. ज्याच्या चेंडूवर तो बसला, त्याला मात्र गावात वर्षभर ऐकून घ्यावे लागते. गावातले हे माप आपण देशाच्या खेळाडूंनाही लावतो. ते खरे आहे काय?

ढाक्यातील १८ जानेवारी १९९८ चा अंतिम सामना पाहा. पाकिस्तानच्या ३१४ धावांचा पाठलाग करताना दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या. अंधारून आलेले आणि समोर सकलेन मुश्ताक. पुण्याच्या हृषीकेश कानिटकरांनी चौकार मारला आणि सामना जिंकला. अशा क्षणी हात न कापणे हीही विद्याच आहे, हे कोणीही मान्य करील. तथापि सामना तिथवर आला तो सौरव गांगुलीच्या १२४ आणि रॉबिन सिंगच्या ८२ धावांमुळे. कानिटकरांवरही या स्मृतीने अन्यायच केला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये दहा हजारांवर धावा करणारा आणि राजस्थानला पहिला रणजी करंडक मिळवून देणारा हा कर्णधार लोकांच्या लेखी एका चौकाराचा धनी होऊन बसला.

पराभूताच्या वाट्याला तर याहून कठोर न्याय येतो. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना जावेद मियांदादने चेतन शर्माला षटकार मारला. त्या एका चेंडूचे ओझे शर्मांना पुढे वर्षानुवर्षे वाहावे लागले. पण त्याच वर्षी जुलैत बर्मिंगहॅमच्या कसोटीत त्यांनी दहा बळी घेतले आणि ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी आपल्या नागपुरात न्यूझीलंडचे तीन फलंदाज लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचीत केले. विश्वचषकातील ती पहिली हॅटट्रिक. शारजा मात्र सर्वांना आठवते, नागपूर थोड्यांनाच.

हा दोष केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेत बेसबॉलच्या अजिंक्यपदासाठी सात सामन्यांची मालिका होते आणि आपल्या षटकाराच्या जागी तिथे ‘होमरन’ असतो. १९६० साली सातव्या सामन्यात बिल मॅझरोस्कीने अखेरच्या डावात होमरन मारून पिट्सबर्गला विजय मिळवून दिला. गंमत अशी, की त्या मालिकेत हरलेल्या न्यूयॉर्कच्या एकूण धावा ५५ होत्या, तर विजेत्यांच्या अवघ्या २७. तो चेंडू टाकणाऱ्या राल्फ टेरीने दोनच वर्षांनी सातव्या सामन्यात प्रतिपक्षाला एकही धाव न देता आपल्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. त्यालाही दुसरी संधी मिळाली, म्हणूनच हे घडले.

आपल्याला शहाणपण येतच नाही, असे मात्र नव्हे. सायन-पनवेल महामार्गालगत नेरुळच्या क्रीडांगणावर ३० ऑक्टोबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा ओलांडल्या. विजयाचा चौकार अमनजोत कौरचा होता. परंतु लोकांनी डोक्यावर घेतले ते नाबाद १२७ धावा करणाऱ्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला. फटका आणि डाव यांतला भेद प्रेक्षकांना कळतो, याचा हा पुरावाच होय.

हा भेद मैदानापुरता नाही. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाची पारख आपण तीन तासांच्या एका उत्तरपत्रिकेवर करतो. कचेरीत वीस वर्षांची चोख नोकरी सेवापुस्तकातल्या एका प्रतिकूल शेऱ्याखाली झाकून जाते. निकाल तर लावावाच लागतो. परंतु एका क्षणाचा निकाल म्हणजे माणसाची किंमत नव्हे, एवढे भान निकाल लावणाऱ्याला हवे.

आरंभ गावच्या स्पर्धांपासूनच करता येईल. सामनावीर निवडताना आयोजकांनी शेवटच्या आरोळीकडे न पाहता धावपत्रक वाचावे. आणि ज्या पोराच्या अखेरच्या चेंडूवर षटकार बसला, त्याच्या हाती पुढच्या सामन्यात विश्वासाने पुन्हा चेंडू द्यावा. नागपूर घडायचे, तर शारजानंतर चेंडू हातात यावा लागतो.