कुलूपबंद घराचा जमाखर्च

सांगलीच्या हळद बाजारातील एका व्यापारी कुटुंबाशी माझा तीस वर्षांचा घरोबा आहे. त्यांची खातेवही प्रथम माझ्या वडिलांनी तपासली, आता मी तपासतो. थोरल्या बंधूंनी काही वर्षांपूर्वी दुबईत सुट्टीसाठी एक सदनिका घेतली. गेल्या महिन्यात धाकटे बंधू माझ्याकडे आले. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, दादांच्या शेजारची सदनिका विकाऊ होती. दलालाने आठवडाभराची मुदत दिली होती. "काका, तिथे घरपट्टी नाही, आयकर नाही. एकदा पैसे भरले की घर आपले. तुम्ही फक्त कागद पाहा," असे ते म्हणाले.

मी कागद पाहण्याऐवजी थोरल्या बंधूंच्या वहिनींना फोन केला आणि दुबईच्या घराची वर्षभराची सगळी बिले मागवली. त्या शिस्तीच्या आहेत. बिस्किटांच्या डब्यात तारीखवार लावून ठेवलेली बिले त्यांनी संध्याकाळीच पाठवली. त्या डब्यातून जे बाहेर आले ते आमच्या अनेक वाचकांच्या उपयोगाचे आहे, कारण परदेशात सुट्टीचे घर घ्यावे असा विचार हल्ली पुष्कळ पेढ्यांवर चालू असतो. दोन्ही बंधूंच्या संमतीने, नावे वगळून, तो हिशोब येथे मांडतो.

आधी खरेदी. सदनिका साडेसातशे चौरस फुटांची, किंमत 12 लाख दिरहम. दिरहम सोयीसाठी 24 रुपये धरला, तर 2 कोटी 88 लाख रुपये. दुबईच्या भूमी विभागाकडे हस्तांतरणाचे शुल्क 4 टक्के, म्हणजे 48,000 दिरहम. दलालाचे 2 टक्के आणि त्यावर 5 टक्के मूल्यवर्धित कर, मिळून 25,200. नोंदणी करून देणाऱ्या अधिकृत कार्यालयाचे करासह 4,200. एकूण 77,400 दिरहम, म्हणजे साडेअठरा लाखांहून अधिक रुपये, घराची किल्ली हाती येण्यापूर्वीच खर्ची पडतात. आपल्याकडील मुद्रांक शुल्काची सवय असलेल्यांना हे फार वाटणार नाही आणि खरोखर ते फार नाहीही.

फार वाटावे असा भाग आपल्या बँकेत घडतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीस उदारीकृत विप्रेषण योजनेखाली, ज्यास सगळे 'एलआरएस' म्हणतात, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. ते होतात सुमारे 9 लाख 18 हजार दिरहम. म्हणजे 12 लाखांचे घर एकट्याच्या नावे एका वर्षात बसत नाही. पती-पत्नींनी मिळून पाठवावे लागते, आणि मग खरेदीखतावर दोघांची नावे असणे आवश्यक ठरते. सहमालक नसलेल्या आप्ताची मर्यादा मालमत्तेच्या खरेदीसाठी आपल्या मर्यादेत मिळवता येत नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुख्य पुंजी हिंदू अविभक्त कुटुंबाच्या किंवा भागीदारी पेढीच्या खात्यात असते. ही योजना त्यांच्यासाठी नाहीच. ती केवळ व्यक्तीसाठी आहे. धाकट्या बंधूंनी 'पेढीतून थेट पाठवतो' असे सहज म्हटले, तेव्हा मला त्यांना तेथेच थांबवावे लागले. आधी पैसा पेढीतून रीतसर स्वतःच्या खात्यात यायला हवा, आणि तो उचलल्यावर भागीदारांच्या भांडवलाचे काय होते हेही पाहायला हवे. अशा पाठवणीसाठी बँक कर्जही देत नाही.

त्याहून मोठी गोष्ट उगमस्थानी गोळा होणाऱ्या कराची, म्हणजे टीसीएसची. वर्षात दहा लाख रुपयांपलीकडे मालमत्तेसाठी जे पाठवाल त्यावर बँक 20 टक्के कर वेगळा वसूल करते. घर आणि शुल्के मिळून 3 कोटी 6 लाख 57 हजार रुपये. दोघांत विभागले, दोघांचे दहा-दहा लाख वजा केले, तरी प्रत्येकाकडून 28 लाख 65 हजार, दोघांचे मिळून 57 लाखांहून अधिक. हा खर्च नव्हे. हा आपलाच पैसा आहे आणि तो आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. पण कधी? पतीचा व्यवसाय चालू असेल तर त्यांच्या वाट्याची रक्कम आगाऊ कराच्या हप्त्यांत वळवून घेता येते. पत्नीचे स्वतंत्र उत्पन्न नसेल तर त्यांच्या पॅनवर जमा झालेली रक्कम विवरणपत्र भरून, त्याची छाननी होऊन, परतावा येईपर्यंत सरकारजमा राहते. थोरल्या बंधूंनी जानेवारीत पैसे पाठवले होते. फेब्रुवारीपासून सांगलीत नव्या हळदीची आवक सुरू होते, आणि ज्याच्या हाती रोख त्याचा हंगाम. त्या वर्षी त्यांनी कॅश क्रेडिटची मर्यादा टोकापर्यंत वापरली आणि तरीही निजामाबादचा एक चांगला सौदा सोडला. ही गोष्ट त्यांनी धाकट्यांना आजवर सांगितली नव्हती. माझ्यासमोर प्रथम सांगितली. दोघेही क्षणभर गप्प राहिले.

आता घरपट्टी. दुबईत आपल्यासारखी वार्षिक घरपट्टी नाही हे अक्षरशः खरे आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदेचा कर आहे, आणि एप्रिल 2025 पासून तेथील परिषदांना दुसऱ्या घरावर तो दुप्पट करण्याची मुभा मिळाली आहे. स्पेनमध्ये तर घर रिकामे ठेवले तरी त्याच्या सरकारी मूल्याच्या 1.1 किंवा 2 टक्के इतके काल्पनिक उत्पन्न धरून परदेशी मालकाकडून 24 टक्के कर घेतात, आणि स्थानिक घरपट्टी निराळी. त्यांच्या तुलनेत दुबई सौम्य आहे. तरी वहिनींच्या डब्यातल्या वीज-पाण्याच्या प्रत्येक बिलात 'हाउसिंग फी' नावाची एक ओळ होती. त्या परिसरातील वार्षिक भाड्याच्या अंदाजावर 5 टक्के, बारा महिन्यांत विभागून. त्यांच्या सदनिकेचे भाडे 80,000 दिरहम धरले गेले आहे, म्हणून वर्षाला 4,000. नाव घरपट्टी नाही एवढेच.

खरा भार सेवाशुल्काचा. लिफ्ट, तरणतलाव, पहारा, दिवाणखान्यासारखी सजवलेली प्रवेशदालने, या सगळ्यांचा खर्च चौरस फुटांवर आकारला जातो. या इमारतीत 16 दिरहम, म्हणजे वर्षाला 12,000. घर उघडले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. हे दर तेथील नियामकाने मंजूर केलेले असतात आणि इमारतीचे नाव घालून ते पाहता येतात. दलाल सांगतो म्हणून विश्वास ठेवण्याचे कारण नाही. थकबाकी राहिली तर 2019 च्या तेथील कायद्यानुसार प्रकरण वसुलीच्या न्यायाधीशापुढे आणि शेवटी सदनिकेच्या लिलावापर्यंत जाऊ शकते.

मग वातानुकूलन. दुबईत अनेक इमारतींना थंड पाणी एका मध्यवर्ती केंद्रातून नळाने येते. त्याचे बिल दोन भागांचे असते. एक वापराचा, दुसरा क्षमतेचा ठरीव आकार. वापर शून्य असला तरी दुसरा भाग येतोच. शिवाय वापर शून्य ठेवताही येत नाही. पहिल्या वर्षी मेमध्ये कुलूप लावताना थोरल्या बंधूंनी काटकसर म्हणून सारे बंद केले. दिवाळीनंतर दार उघडले तेव्हा समुद्रावरच्या दमट हवेने कपाटांच्या पाठीवर बुरशी धरली होती आणि गाद्या टाकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून उन्हाळाभर यंत्र मंदपणे चालू असते. सारे मिळून 2,500. वीज-पाणी 1,500. इंटरनेट 3,900, ते बंद ठेवावे तर दूरवरून घरावर लक्ष ठेवणारा कॅमेरा बंद पडतो. विमा 1,000. महिन्यातून एकदा दार उघडून नळ सोडून पाहणाऱ्या माणसाचे 4,000.

बेरीज 28,900 दिरहम. रुपयांत 6 लाख 93 हजार. त्यात विमानाचे तिकीट नाही, बदललेल्या गाद्या नाहीत.

मी वहिनींना विचारले, गेल्या वर्षी त्या घरात किती रात्री झोपलात? त्यांनी पासपोर्टवरचे शिक्के पाहून सांगितले: सोळा. पर्युषणापासून दिवाळीपर्यंत घर सोडवत नाही, हंगामात पेढी सोडवत नाही, नातवंडांच्या परीक्षा मार्चमध्ये, आणि मे महिन्यात दुबईत बाहेर पाऊल टाकवत नाही. उरला डिसेंबर. एका रात्रीला 43 हजार रुपये पडले, आणि त्यात घरात अडकलेल्या तीन कोटींचे व्याज धरलेले नाही. ते धरायचे की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. थोरले बंधू म्हणाले, जागेचा भाव वाढला आहे, त्याचे काय? त्यांचे म्हणणे रास्त आहे. भाव वाढला आहे, आणि विकताना दुबई त्यावर कर घेत नाही. भारत मात्र घेतो. दोन वर्षांनंतर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के.

येथेच या सगळ्या व्यवहारातील सर्वांत कमी समजलेली गोष्ट येते. दुबईत कर नाही याचा अर्थ त्या घरावर कर नाही असा होत नाही. भारतात निवासी असलेल्या माणसाचे जगभरातील उत्पन्न येथे करपात्र असते. आपल्या कायद्याने स्वतःच्या वापराची दोन घरे शून्य उत्पन्नाची मानता येतात. तिसरे रिकामे असले तरी भाड्याने दिलेले आहे असे समजून त्याचे अंदाजी भाडे उत्पन्नात धरले जाते. या कुटुंबात पती-पत्नींच्या जोडनावे सांगलीचा बंगला आहे आणि मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेली पुण्याची सदनिका आहे. दुबईचे घर तिसरे. 80,000 दिरहम म्हणजे 19 लाख 20 हजार रुपये न आलेले भाडे. त्यातून 30 टक्के ठरीव वजावट जाऊन उरतात 13 लाख 44 हजार. वरच्या दराने, उपकरासह, अधिभार सोडून, कर सुमारे 4 लाख 19 हजार. पत्नीच्या वाट्याचा पैसा पतीने दिलेला असेल तर तो हिस्साही पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. दुबईत कर भरलेला नसल्यामुळे वजा करून घ्यायलाही काही नाही. कुलूपबंद घर वर्षाला अकरा लाख रुपये मागते, ते असे.

विवरणपत्राचा आणखी एक मुद्दा. परदेशी मालमत्ता असलेल्यास छोट्या व्यापाऱ्यांचे सोपे चौथ्या क्रमांकाचे विवरणपत्र चालत नाही, आणि मोठ्या विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट दरवर्षी भरावे लागते. ते जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचे असते, म्हणून अनेकांचा तपशील चुकतो. ते न भरल्यास काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. पैसा पूर्णपणे पांढरा असला तरी. 20 लाख दिरहमांच्या मालमत्तेवर मिळणारा दहा वर्षांचा सोनेरी व्हिसाही येथे मदतीला येत नाही. आयकरातील निवासी दर्जा व्हिसावर नव्हे, आपण कोठे किती दिवस राहिलो यावर प्रामुख्याने ठरतो.

रुपयाचेही ध्यानात ठेवावे लागते. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. 2015 च्या सुमारास तो सतरा-साडेसतरा रुपयांना मिळे. तेथील बिल एका दिरहमानेही वाढले नाही तरी येथून भरणाऱ्याचे वाढते.

वारसाबद्दल मी शेवटी विचारले, कारण आई समोर बसल्या होत्या आणि तो विषय त्यांच्यासमोर काढणे जड जात होते. त्यांनीच "बोला, संकोच कसला" म्हटले. सांगलीत केलेले मृत्युपत्र दुबईत आपोआप लागू पडत नाही; ते तेथे मान्य करून घेण्याचे सोपस्कार वेळ आणि पैसा खातात. मृत्युपत्रच नसेल तर फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेल्या तेथील कायद्याप्रमाणे मुस्लिमेतरांची निम्मी मालमत्ता पती किंवा पत्नीस आणि उरलेली मुलांस समान जाते. आईचे नाव त्यात येत नाही. तेथील मृत्युपत्र नोंदवण्याचे काही हजार दिरहम हेही घराच्या किमतीतच धरावेत. थोरल्या बंधूंनी ते अद्याप केलेले नाही. त्या रात्री त्यांनी डायरीत लिहून घेतले.

भाड्याने का देऊ नये, असे धाकट्यांनी विचारले. देता येते. पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायचे तर तेथील पर्यटन विभागाचा परवाना लागतो, आणि व्यवस्था पाहणाऱ्या संस्था उत्पन्नाच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास घेतात. वर्षाच्या करारावर दिले तर कटकट कमी आणि खर्च भाड्यातून निघतो. पण मग डिसेंबरात त्या घरात राहता येत नाही. "म्हणजे ती गुंतवणूक झाली, सुट्टीचे घर नाही," वहिनी म्हणाल्या.

धाकट्या बंधूंनी मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी दलालाला नकार कळवला नाही आणि होकारही कळवला नाही. त्यांनी सेवाशुल्काची आणि थंड पाण्याची मागील तीन वर्षांची बिले मागितली आहेत. उत्तर अजून आलेले नाही. डिसेंबरातील आठ रात्रींसाठी दादांच्या घराची किल्ली मात्र त्यांनी वहिनींकडून मागून घेतली, आणि त्या आठ दिवसांचे वीज-पाणी आपण भरू असे स्वतःहून सांगितले.