दर्शनी जाळीचाही हिशेब द्या

मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत पार्किंगच्या मजल्यांपुढे छिद्रांचे पत्रे, लूव्हर किंवा धातूची जाळी सर्रास दिसते. हवा खेळते, ऊन अडतं, हे चांगलंच. पण वारा आरपार जातो म्हणून जाळीवर भार येत नाही, हा समज घातक आहे.

१. भार खराच येतो. आयएस ८७५ (भाग ३) हे भारतीय मानक मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरतं. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

२. निम्मी भोकं म्हणजे निम्मा भार नव्हे. सुट्या उभ्या भिंतीत निम्मी जागा मोकळी असली, तरी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानकातल्या सूत्रानुसार भरीव भिंतीच्या ७५ टक्के भार धरावा लागतो. इमारतीपुढच्या जाळीत मागची पोकळी केवढी आणि ती कोपऱ्यापाशी बंद आहे का, हेही पाहावं लागतं. कोपऱ्यांवर आणि कडांवर वारा जाळीला जोरात बाहेर ओढतो. मधल्या भागाचा आकडा तिथे चालत नाही.

३. फ्लेक्सनं झाकलेली जाळी भरीवच होते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना ते १२० बाय १२० फुटांचं होतं. पृष्ठभाग वाढवला की आधारावरचा भार वाढतो, हा नियम जाळीलाही लागू आहे.

४. दगा देतो तो सांधा. खारी हवा आणि सततची थरथर ब्रॅकेट, बोल्ट, अँकर यांना कमजोर करते. मुंबईत इमारतीला ३० वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. गंजणारे बोल्ट तेवढी वाट पाहणार नाहीत.

५. म्हणून मागणी अशी: बांधकाम परवानगीसोबतच जाळीच्या वाऱ्याच्या भाराचं गणित स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सहीनिशी घ्यावं. उंच किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या इमारतींची पवनबोगद्यात चाचणी करावी. जाळीवर फ्लेक्स लावण्यास बंदी असावी आणि दर पावसाळ्याआधी सांधे तपासावेत.

सोसायटीच्या सभासदांनी पुढच्या सभेत जाळीचा नकाशा आणि भाराचं गणित मागावं. कागद मिळाला नाही, तर पावसाची वाट न पाहता इंजिनीअरला बोलवावं.