इंजिनावरील अक्षरे

छोट्या आगगाड्यांचा छंद म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचा खेळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पुण्यास कोथरूडात श्री. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले व १९९८ साली लोकांस खुले झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले, त्यांची ही समजूत काही अंशी तरी दूर झाली असेल. तेथील गाड्या धावू लागल्या की मुलांइतकीच त्यांची आजोबामंडळीही हरखून जातात. परंतु आज आम्हांस गाड्यांच्या चाकांविषयी अथवा विजेविषयी लिहावयाचे नाही. इंजिनाच्या अंगावर जी चार-दोन अक्षरे व आकडे असतात, त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे. पाटीवरील अक्षराचे मोल काय असते, हे येळ्ळूरकरांस आम्ही सांगावे असे नाही.

आमच्या मते, अक्षरांवाचून इंजिन हे केवळ इंजिनाच्या आकाराचे खेळणे होय. त्यावर वर्ग, क्रमांक व रेल्वेची संक्षेपाक्षरे उमटली, की ते कोण्या एका मार्गावरचे, कोण्या एका काळातले इंजिन होते. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० साली बाहेर पडलेल्या पहिल्या वाफेच्या इंजिनाचे नाव ‘देशबंधू’ व क्रमांक ८४०१. त्याचा वर्ग डब्ल्यू.जी.; पैकी पहिले अक्षर रुंद रुळांचे व दुसरे मालगाडीचे. त्याच वर्गातील १९७० सालचे अखेरचे इंजिन ‘अंतिम सितारा’, क्रमांक १०५६०. दोहोंची घडण एकच. प्रतिकृतीत कोणते कोणते, हे ओळखावयाचे ते नावाने व आकड्यानेच.

आता आपल्या दारचा मार्ग घ्या. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी करीत लोंढ्यास जाणारे हे रूळ प्रथम सदर्न मराठा रेल्वेने टाकले. १९०८ साली ती कंपनी मद्रास रेल्वेस मिळाली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे असे लांबलचक नाव झाले. १९५१ साली दक्षिण रेल्वे स्थापन झाली. १९६६ च्या ऑक्टोबरात हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि २००३ च्या एप्रिलपासून तो दक्षिण पश्चिम रेल्वेत आला. म्हणजे संक्षेपाने लिहावयाचे तर आधी ‘द’, मग ‘दम’, मग ‘दप’. एकेका अक्षराच्या फरकात कित्येक वर्षे सामावली आहेत, असे इतिहासाचे पुस्तक आमच्या तरी पाहण्यात नाही.

एका प्रदर्शनात एका विद्यार्थ्याने पुठ्ठ्याचे मीटरगेज वाफेचे इंजिन मोठ्या कौशल्याने केले होते. धुराडे, बाष्पक, कोळशाचा टेंडर, सारे प्रमाणात. टेंडरवर मात्र त्याने ‘दप’ लिहिले होते, कारण आज स्थानकावर तेच दिसते. आपल्या मार्गाचे मीटरगेज रूळ १९९० नंतरच्या दशकात उखडले गेले व रुंद रूळ आले. ‘दप’ ही अक्षरे जन्मास आली ती त्यानंतर. तेव्हा त्या मार्गावर तसे इंजिन कधी धावले असणे शक्य नव्हते. मुलाच्या हातास दोष नव्हता. त्यास जुने छायाचित्र कोणी दाखविले नव्हते, इतकेच.

या छंदासाठी परदेशी पेढ्या तयार अक्षरांचे ताव विकतात. त्यांवर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया व सांता फे यांची नावे मिळतील, ब्रिटिश रेल्वेचे सिंह मिळतील. आपल्या ‘दम’ची अक्षरे त्यांच्या तावावर कोण छापणार? ती आपणच करावयास हवीत, आणि ती करता येतात.

ही अक्षरे कुंचल्याने काढावी म्हणाल, तर सराईत हाताची गोष्ट निराळी. एरवी दोन आकडे सारखे येत नाहीत. साधा चिकटपट्टीचा कागद लावावा, तर त्याची जाड कड दिसते. म्हणून पाण्यातून सरकवून चिकटवावयाची अक्षरे वापरतात. जुन्या शिलाई यंत्राच्या काळ्या अंगावरील सोनेरी वेलबुट्टी किंवा सायकलच्या दांड्यावरील नाव आठवा. ती याच जातीची ‘ट्रान्सफर’. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा थर, त्यावर पारदर्शक पापुद्रा व त्यावर छपाई. कागद भिजला की गोंद सुटतो व पापुद्रा अक्षरांसह सरकतो.

घरच्या छपाईयंत्राने अशा कागदावर अक्षरे उमटविता येतात. शाईफवारा यंत्राची शाई पाण्याने पसरते, म्हणून तिच्यावर आधी पारदर्शक वार्निशाचे दोन-तीन हलके फवारे मारून ती वाळू द्यावी. खरी अडचण पांढऱ्या रंगाची. इंजिन काळे, अक्षर पांढरे, आणि साध्या यंत्रात पांढरी शाईच नसते! ते जेथे पांढरे हवे तेथे कागद कोराच सोडते. पारदर्शक पापुद्र्यावर कोरे म्हणजे काहीच नाही. यास एक उपाय असा, की पांढऱ्या पापुद्र्याचा कागद घेऊन सभोवतालचा काळा रंग छापावा व अक्षर मोकळे ठेवावे. पण छापलेला काळा व इंजिनाचा काळा जुळविता जुळविता माणूस घायकुतीस येतो. दुसरा उपाय आम्हांस अधिक पसंत आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे पांढरी शाई असते. कागद आपण न्यावा, अक्षरांचा आराखडा न्यावा आणि सांगावे, की बाबा रे, एवढे करून दे. लग्नसराई मात्र टाळावी.

आराखडा करताना देवनागरीचा स्वभाव ध्यानी घ्यावा लागतो. खरे अक्षर वीस सेंटिमीटर उंच असेल, तर ८७ पटींनी लहान इंजिनावर ते जेमतेम २.३ मिलिमीटर उरते. त्यात शिरोरेखा, तिच्यावर मात्रा, ‘म’च्या पोटातील गाठ. रोमन अक्षर इतक्या लहानपणीही तग धरते. आपल्या अक्षराची गाठ भरून जाते व ते ठिपक्यासारखे दिसते. यास्तव शिरोरेखा किंचित बारीक करावी, पोकळ्या किंचित वाढवाव्या. नवशिक्यांनी ३२ पटींचे प्रमाण धरावे; मग तेच अक्षर सहा मिलिमीटरांहून थोडे उंच येते आणि डोळ्यांस व स्क्रीनच्या जाळीस दोघांसही सोसते. पुठ्ठ्याच्या इंजिनास हे प्रमाण सोयीचे आहे, आणि पुठ्ठ्यास श्रीमंती लागत नाही.

लावण्याच्या कामी घाई नको. पृष्ठभाग आधी चकचकीत वार्निशाने गुळगुळीत करावा. खडबडीत रंगावर पापुद्र्याखाली हवा राहून चंदेरी झाक येते व सारा डौल जातो. अक्षर कडेलगत कापावे, कोमट पाण्यात काही क्षण बुडवावे, बाहेर काढून मिनिटभर थांबावे, मग ओल्या कुंचल्याने सरकवावे. पापुद्रा खिळ्यांच्या डोक्यांवर बसावा म्हणून पाणी घातलेले व्हिनेगर लावतात. टिपून घ्यावे, रात्रभर वाळू द्यावे व शेवटी मंद वार्निश द्यावे.

येथे एक आक्षेप येईल. अक्षरे आपणच करावयाची, तर आपल्यास हवी ती का करू नयेत? सीमाभागातील मुलांच्या मनात हा विचार येणे स्वाभाविक आहे आणि आम्हांस त्याचा राग नाही. आमच्या घरची बोली कोकणी. ती देवनागरीत, रोमनमध्ये व कन्नड लिपीतही लिहिली जाते. लिपीवरून माणसांची मने कशी दुखावतात, हे आम्ही थोडेफार जाणतो. तरीही आमचे म्हणणे असे, की ज्या इंजिनास आपण खऱ्याची प्रतिकृती म्हणतो, त्यावर आपल्यास हवे ते न लिहिता तेथे होते ते लिहावे. शहराचे अधिकृत नाव २०१४ च्या नोव्हेंबरात बेळगावी झाले. मीटरगेजच्या प्रतिकृतीतील स्थानकावर आजची पाटी लावणे जितके चूक, तितकेच आजच्या रुंद रुळांच्या प्रतिकृतीवर कालची लावणे चूक. पाटीवर कन्नड अक्षरे असतील, तर तीही तितक्याच निगुतीने काढावी. तिन्ही लिप्या वाचणारी आपली मुले हे काम पुण्या-मुंबईच्या मुलांहून चांगले करतील, अशी आमची खात्री आहे.

ज्यास कल्पनेचेच इंजिन हवे, त्याने खुशाल करावे. येळ्ळूरास रेल्वे कधी आली नाही. तेव्हा येळ्ळूर–राजहंसगड असा लोहमार्ग काढावा, त्यास स्वतःचे चिन्ह द्यावे, इंजिनास ‘राजहंस’ म्हणावे, आणि खाली स्वच्छ लिहावे, की हा मार्ग काल्पनिक आहे. जगभरचे छांदिष्ट असे मार्ग रचतात व त्यांत काही लाज मानीत नाहीत. काल्पनिकास खरे म्हणून मांडणे मात्र आम्हांस मान्य नाही, मग ते कितीही आपल्या बाजूचे असो.

खरे काय होते, हे ठरविण्यास छायाचित्रे हवीत, आणि तेथेच आमचे घोडे अडले आहे. लोक इंजिनाचे चित्र समोरून काढतात. टेंडरची बाजू, जेथे अक्षरे असत, ती फारशी कोणी टिपलेली नसते. पालकांपैकी ज्यांच्या घरी कोणी रेल्वेत नोकरीस होते, त्यांच्या जुन्या पेटीत असे एखादे चित्र निघेल. ते शाळेत आणून दाखवावे. प्रत काढून घेऊन मूळ चित्र त्याच दिवशी परत केले जाईल.