दिव्यांगांची जागा

रामकुंडावर अगर काळारामाच्या दर्शनास येणाऱ्या मोटारींना पंचवटीत जागा पुरत नाही, हे सर्वविदित आहे. परंतु अपंगासाठी राखलेल्या जागेत धडधाकट गृहस्थ ‘दोनच मिनिटे’ म्हणून गाडी लावतो आणि हटकले असता वर वादही घालतो, तेव्हा प्रश्न जागेच्या टंचाईचा उरत नाही. इमारतींच्या नियमांत अशी जागा किमान ३.६ मीटर रुंद व प्रवेशद्वारापासून ३० मीटरांच्या आत सांगितली आहे. ही रुंदी चैनीसाठी नव्हे. दार पूर्ण उघडून चाकांची खुर्ची बाजूस उभी राहावी म्हणून. ती अडली की आतला माणूस गाडीतच अडकतो. तान्ही मुले घेऊन येणाऱ्या आईबापांचा उल्लेख २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अर्थातच नाही. तेथे सौजन्यावरच भिस्त.

दंडास आमचा विरोध नाही. मात्र पुसट पट्टे आणि झाडाआड दडलेला फलक यांच्या भरवशावर ई-चलान धाडणे न्याय्य नव्हे. २०१५ च्या सिंहस्थात वाहने शहराबाहेर थोपविली गेली आणि यात्रेकरूंना मैलोगणती चालावे लागले. २०२७ च्या पर्वासाठी कुबड्या घेऊन येणाऱ्याने रामकुंड कसे गाठावे, याचे उत्तर महापालिकेने व वाहतूक पोलिसांनी वाहनतळांच्या नकाशावरच दिले पाहिजे.